पुढे सरकवलेलं तबक

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभूभोजन असायचं. त्याची तयारी शनिवारी रात्रीच सुरू व्हायची. राहुरी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात द्राक्षारस कुठून येणार? पाळकसाहेबांच्या घरी काळ्या मनुका पाण्यात उकळायच्या, कुस्करायच्या आणि धुवट फडक्यातून गाळून घ्यायच्या. तालुक्याहून आणलेल्या पावाच्या कडा काढून बोराएवढे तुकडे करायचे. त्या कडा आम्हा पोरांना मिळत, म्हणून आम्ही संध्याकाळपासूनच तिथे घुटमळत असू.

रविवारी उपदेश संपला की पांढऱ्या कापडाखालचं तबक बाहेर निघे आणि सतरंजीवर बसलेल्या मंडळीतून हातोहात फिरे. आधी भाकरीचं, मग चिमुकल्या पेल्यांचं. माझी आजी बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून बसायची. तबक समोर आलं की उजवा हात पदराखाली घ्यायची, डाव्या हाताने तबकाची कड धरायची आणि ते शेजारणीपुढे सरकवायची. एक तुकडाही उचलायची नाही.

ही १९७५ च्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांची. एकदा घरी येताना मी विचारलं, "आजी, तू का गं घेत नाहीस?"

"मला पचत न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं, मनुका बाधत असतील. पुढची दहा वर्षं मी तेच समजून होते.

ज्यांना ख्रिस्ती उपासनेची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं. भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि आपली आठवण म्हणून हे करत राहा, असं सांगितलं. दोन हजार वर्षं ख्रिस्ती मंडळ्या ते करत आल्या आहेत. कॅथलिक त्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात, आम्ही प्रोटेस्टंट प्रभूभोजन म्हणतो. त्या भाकरीत नेमकं काय घडतं, यावर पंथापंथांत वाद आहेत. पण देवाच्या पंगतीला बसण्याची ही जागा, याबद्दल दुमत नाही. आणि म्हणूनच माणूस तिथेच सगळ्यात जास्त कचरतो. प्रार्थना मनातल्या मनात करता येते, गाणं घोळक्यात म्हणता येतं. तबक मात्र एकेकासमोर येऊन थांबतं.

त्यात, तबक फिरण्याआधी पाळकसाहेब एक उतारा वाचत. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. अयोग्य प्रकारे जो ही भाकर खाईल तो दोषी ठरेल, स्वतःवर दंड ओढवून घेईल, असा त्याचा आशय. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा उतारा तिला तोंडपाठ होता. वाचन सुरू झालं की तिचे ओठ हलत.

आजीच्या भीतीमागे काय होतं ते मला १९८६ मध्ये कळलं. मी डी.एड. करून नुकतीच नोकरीला लागले होते. ज्वारीच्या खळ्यावर ती, मी आणि नवे पाळकसाहेब बसलो होतो. ते वयाने तरुण, शेतकऱ्याच्या घरातले. आजीला 'आक्का' म्हणत. त्यांनी सहज विचारलं, "आक्का, सहा महिने बघतोय. तबक तुमच्यापाशी थांबत नाही."

आजी बराच वेळ सुपातलं धान्य चिवडत राहिली. मग एकेक शब्द बाहेर आला. बहात्तरचा दुष्काळ. विहिरीला थेंब नाही. दिवसभर खडी फोडायची आणि रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी खायची. वस्तीवरची एक शेजारीण नवऱ्यामागे मुंबईला निघाली. जाताना आपले चांदीचे गोठ आजीकडे ठेवून गेली. दहा तोळ्यांचे. घरात माझा धाकटा काका तापाने फणफणलेला. आजीने ते गोठ सराफाकडे मोडले, धान्य आणि औषध आणलं. वर्षाने शेजारीण परतली तेव्हा आजीने तिला सांगितलं, चोरी झाली.

"तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं," आजी म्हणाली. "काय बोलली न्हाई. दोन सालानं मेली बिचारी. आता कुनाला सांगू? ह्या हातानं परभूची भाकर कशी घेऊ?"

मला मनुका आठवल्या.

अशी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. कुणी मागच्या बाकावर बसतं, कुणी दारातूनच परत जातं, कुणी 'जरा सुधारलो की येईन' म्हणत आयुष्य काढतं. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत एके काळी वडील मंडळी सभासदांची चौकशी करून त्यांना शिशाचे बिल्ले देत. बिल्ला दाखवला तरच प्रभूच्या मेजाशी जागा. तिथल्या डोंगराळ भागात तर नेमाने उपासनेला येणारी, बायबल कोळून प्यालेली कितीतरी माणसं 'आपली योग्यता नाही' म्हणून मरेपर्यंत भोजन घेत नसत. एडिनबरोच्या न्यू कॉलेजात हिब्रू शिकवणारे जॉन डंकन १८७० साली वारले. त्यांची एक आठवण सांगतात. प्रभूभोजनाच्या वेळी एका बाईने रडत रडत प्याला न घेताच पुढे केला. डंकननी तो तिच्याकडे परत वळवला आणि म्हणाले, घे बाई, हा पापी माणसांसाठीच आहे. राहुरीतल्या माझ्या आजीची आणि त्या स्कॉटिश बाईची हाताची हालचाल तंतोतंत एकच होती.

मोठमोठे लोकही यातून सुटले नाहीत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एरफुर्टच्या मठात दाखल झाला. दोन वर्षांनी त्याने पहिला मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा विधी, केला तेव्हा देवासमोर उभं राहायच्या कल्पनेने तो थरथरत होता. पुढे तो तासन् तास पापनिवेदन करी आणि उठून गेला की राहिलेलं एखादं पाप आठवून परत येई. हात कितीदा धुतले तरी स्वच्छ वाटू नयेत, तसं ते. पौलाचं रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं की देवाचं नीतिमत्त्व ही कमावायची वस्तू नाही, ती विश्वासाने स्वीकारायची देणगी आहे. युरोपचा इतिहास बदलला तो या एका घाबरलेल्या माणसाला मिळालेल्या दिलाशातून.

आमच्या खळ्यावर मात्र त्या दिवशी ल्यूथर निघाला नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "आक्का, तुमच्या लहानपणी गावजेवणात तुमची पंगत कधी बसायची?"

आजी हसली, कडवट. "आमची कुठली पंगत? समद्यांचं झाल्यावर उकिरड्याकडं बोलवायचे. उरलंसुरलं वरून टाकायचे पदरात."

'लायकी' हा शब्द आजीने पहिल्यांदा ऐकला तो देवाच्या तोंडून नव्हे. विहिरीवर ऐकला, वाण्याच्या पायरीवर ऐकला. तिचं घराणं महारवाड्यातलं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काळात वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. आजीच्या आजोबांनी त्याच लाटेत बाप्तिस्मा घेतला. माहेरी चोखोबांचं नाव मात्र तेवढ्याच प्रेमाने घेत. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, आणि त्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. ते देऊळ सर्वांना खुलं व्हायला सानेगुरुजींचं १९४७ चं उपोषण लागलं. बाहेर राहण्याची सवय अशी पिढ्यान् पिढ्या अंगात मुरलेली. धर्म बदलला तरी पाय उंबऱ्याशी अडतोच.

"मग आता ऐका," पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला पाठ आहे तो उतारा कुणाला लिहिलाय."

करिंथ हे ग्रीसमधलं श्रीमंत बंदर. पौलाने तिथल्या मंडळीला पत्र लिहिलं ते इसवी सनाच्या पन्नाशीनंतर थोड्याच वर्षांत. प्रभूभोजन तेव्हा खरोखरीचं जेवण असे, कुणाच्या तरी मोठ्या घरात. खातीपीती माणसं लवकर येत, आपापलं आणलेलं खात, दारू पिऊन तर्र होत. दिवसभर राबून गुलाम आणि मजूर येईपर्यंत भांडी रिकामी. पौल संतापला तो यावर. एकजण उपाशी आणि दुसरा झिंगलेला, आणि याला तुम्ही प्रभूचं भोजन म्हणता? 'अयोग्य प्रकारे' खाणं ते हे. उताऱ्याच्या शेवटी त्याने उपायही सांगितला आहे, अगदी साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

मी पुढे बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे यातली व्याकरणाची गंमत मला फार आवडते. 'अयोग्य माणूस' यात अयोग्य हे विशेषण. 'अयोग्य प्रकारे खाणं' हे क्रियाविशेषण. पौलाच्या ग्रीकमध्येही तो शब्द क्रियाविशेषणच आहे. तो माणसाचं वर्णन करत नाही, खाण्याच्या रीतीचं करतो. स्वतःची पारख करा, असं पौल म्हणतो खरा. पण पारख करून उठून जा असं म्हणत नाही. पारख करा आणि मग खा, असं म्हणतो. जो उतारा पंगतीत भेद करणाऱ्यांच्या कानाखाली वाजवायला लिहिला होता, तोच घोकून माझ्या आजीने स्वतःला पंगतीबाहेर बसवलं होतं. चौदा वर्षं.

आजी ऐकत होती, पण तिचा मुद्दा वेगळा होता आणि तो खरा होता. "पंगतीचं कळलं," ती म्हणाली. "पन गोठ तर म्याच मोडले ना?"

इथे दोन गोष्टी सुट्या कराव्या लागतात आणि मला वाटतं, बहुतेकांच्या मनात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक कमीपणा दुसऱ्यांनी लादलेला: जातीचा, बाईपणाचा, गरिबीचा, रंगारूपाचा. त्याबद्दल देवाची क्षमा मागायचं कारणच नाही. ते ओझं दाराबाहेर फेकून आत जायचं. दुसरी टोचणी खऱ्या चुकीची. ती फेकता येत नाही. ती हातात घेऊनच आत जायचं असतं.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन्ही दिसतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींकडे होत्या. लंडनमधल्या फुलहॅमला या जोगिणींनी, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर चालवलं होतं, ते त्यांनी पाहिलं. अशा बायकांना कुणी मायेने जवळ करतं हे त्यांना नवं होतं. कारण विचारलं तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. विहीर, पाणी, शिवाशीव: मराठी बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण गंमत अशी की, त्यानंतरही जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. एवढी विदुषी, तरी आतली धाकधूक शमायला इतका काळ गेला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच टाकलेल्या बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव ठेवलं कृपासदन. आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या, माझ्या आजीसारख्या बायकांना थेट कळावं म्हणून.

कृपा हा या सगळ्या गोष्टीतला कळीचा शब्द. लायकी नसताना मिळतं, त्याला कृपा म्हणायचं. लायकीने मिळते ती मजुरी. कॅथलिक मिस्सामध्ये प्रसाद घेण्याच्या अगदी आधी सगळे मिळून देवाला सांगतात की, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही. ते मूळ उद्गार कफर्णहूमच्या एका रोमी अधिकाऱ्याचे. पण असं म्हणून कुणी घरी जात नाही. म्हणतात आणि पुढे होतात. आपण ज्याला परतण्याचं कारण समजतो, ते उपासनेत आत येण्याचं वाक्य होऊन बसलं आहे.

पाळकसाहेबांनी आजीला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली येशूच्या शिष्याची, पेत्राची. येशूला पकडून नेलं त्या रात्री पेत्र अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत उभा होता आणि तिथेच त्याने तीनदा, मी त्याला ओळखत नाही, असं सांगितलं. पुनरुत्थानानंतर येशू समुद्रकिनारी त्याला भेटला तेव्हा तिथे काय होतं? पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासे भाजत ठेवलेले. कोळशाच्या विस्तवासाठी असलेला तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी येतो. ज्या धगीपाशी पेत्र खोटं बोलला, तशाच धगीपाशी त्याला न्याहारीला बसवलं. चुकीचा विषय टाळला नाही. तीनदा नाकारलं होतं, तीनदाच विचारलं, तुझी माझ्यावर प्रीती आहे ना? पण आधी खाऊ घातलं.

दुसरी गोष्ट जक्कयाची. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. बुटका, म्हणून येशूला बघायला झाडावर चढला. आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, उतर, आज तुझ्याकडे उतरायचंय. लुबाडलेल्याची चौपट भरपाई करीन हे जक्कय नंतर म्हणाला.

"म्हंजी आधी पावना आला," आजी सावकाश म्हणाली, "आन् मग पैसं काढलं."

"होय आक्का."

"उलटं न्हाई?"

"उलटं असतं तर कुणाच्याच घरी पाहुणा आला नसता."

कुणी विचारेल, मग काय, वाटेल ते करावं आणि तबकासमोर बसावं? जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात यालाच स्वस्त कृपा म्हणून फटकारलं: क्षमा हवी, पण वळण नको. हिटलरच्या विरोधातल्या कटापायी १९४५ च्या एप्रिलमध्ये ते फासावर गेले. कृपा स्वस्त नसते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कृपेला अट नसते, पण ती आली की माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जक्कयाची भरपाई ही निमंत्रणाची किंमत नव्हती, निमंत्रणाचा परिणाम होता.

पुढच्या पहिल्या रविवारी तबक आजीपुढे आलं. मी मागच्याच रांगेत होते. तिने उजवा हात पदराबाहेर काढला. बोटं थरथरत होती. तिने तुकडा उचलला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने दोन शेळ्या विकल्या. काही पैसे मी घातले. आम्ही सराफाकडून दहा तोळ्यांचे गोठ घेतले आणि श्रीरामपूरला गेलो, शेजारणीच्या मुलीकडे. आजीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मुलीने गोठ हातात तोलून पाहिले आणि फडताळात ठेवले. चहा केला. निघताना म्हणाली, "आई शेवटपर्यंत तुमच्यावर विश्वास टाकून चुकले म्हणत होती." 'पुन्हा या' म्हणाली नाही.

एसटीत मी रागावले होते. आजी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तिचं काय चुकलं? तिनं माफ करावं असा काय कायदा हाय?" मग थोड्या वेळाने, "म्या गेले त्ये माफी घेऊन. मागायला न्हाई."

धर्मशास्त्राची पुस्तकं मी नंतर बरीच वाचली. या वाक्याच्या पुढे जाणारं फार थोडं सापडलं.

त्यानंतर आजी अकरा वर्षं जगली. प्रभूभोजन एकदाही चुकवलं नाही. तिने स्वतःपुरता एक नेम केला होता, कुणी सांगितला नव्हता. आमच्याकडे तबक आलं की ज्याने त्याने लगेच खायची पद्धत. आजी तुकडा तळहातावर घेऊन तशीच बसून राही आणि मान वळवून मागे बघे. उसाच्या फडावरून येणाऱ्या बाया उपासनेला उशिरा पोचत, दारापाशी चपलांजवळ बसत. तबक फिरत फिरत त्यांच्यापर्यंत जाई. त्यांतली शेवटची तुकडा उचलेपर्यंत आजी थांबे.

मग खाई.